'की'चं शुद्धिपत्रक

कॅसेटची सीडी करून घ्यायची, काम एवढंच होतं. राजारामपुरीत आमच्या घरापासून पाच मिनिटांवर दुकान, दुकानदार माझा जुना विद्यार्थी आणि कॅसेट साठ मिनिटांची. ह्यातून वकील, पोलीस आणि साऱ्या कोल्हापुरात माझं हसं निघणार आहे असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याच्या वाक्यातल्या दोन चुका काढून त्याला वाटेला लावलं असतं.

मी सोमशेखर तोडकर. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. 'हाय' खोडून 'आहे' केलं, 'न्हाय' खोडून 'नाही' केलं, 'गेलतो'वर तर तांबड्या शाईच्या बाटल्या संपवल्या. पण माझा खरा वैरी म्हणजे 'की'. 'जेवलो की', 'येतो की', 'बस की'. वाक्य संपलं तरी मागं लोंबत राहणारा हा 'की' कशासाठी असतो, हे मला आजवर एकाही कोल्हापूरकरानं सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, 'असतोय की.' मुलं मला पाठीमागं 'बिनकी सर' म्हणत. मी ते भूषण समजत होतो.

माझी बायको हातकणंगल्याची. माहेरचं नाव गंगव्वा. हायस्कुलातल्या मराठीच्या शिक्षकाची बायको गंगव्वा कशी असेल, म्हणून लग्नात मी शांभवी ठेवलं. माहेरच्यांनी ते कधी तोंडात घेतलं नाही. तिचा भाऊ महालिंग सत्तावीस वर्षं 'दाजी, गंगव्वा बरी हाय न्हवं?' असंच विचारत आला. नाव बदललं, पण 'की' गेला नाही. 'चहा घ्या की', 'छत्री न्या की', 'जरा हसा की'. मी टोकायचो, ती हसायची आणि म्हणायची, 'बरं की.'

दोन हजार तीनच्या श्रावणात ती गेली. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत एकदाच स्पष्ट बोलली. 'घरी न्या की,' म्हणाली. तेवढा एक 'की' मी दुरुस्त केला नाही. घरीही नेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते उद्या बघू, आणि मी नियमानं वागणारा माणूस आहे.

वर्ष होत आलं तेव्हा पुण्यस्मरणाची तयारी सुरू झाली. शेजारच्या झुंबरबाई रोज येऊन सल्ला देत. गल्लीत कुणाच्याही घरी बारसं असो की मयत, झुंबरबाईंचा सल्ला आधी पोचतो. "सर, फोटुला हार घालून भागत न्हाय आताशा. वैनींचा आवाज लावा की. आमच्या जावेच्या दिरानं बापाचा आवाज लावलता, माणसं ढसाढसा रडली."

आवाज होता. एक्क्याण्णव साली मी टू-इन-वन घेतला होता आणि गॅदरिंगमधल्या भाषणाची तालीम त्यावर भरून ठेवली होती. विषय 'शुद्ध बोला, शुद्ध लिहा'. सत्तावीस मिनिटं मी बोलतो आहे. बोलतो आहे म्हणजे काय, गरजतो आहे. मागं स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत काहीतरी गुणगुणते आहे, अर्धं कानडी, अर्धं मराठी. तेव्हा मला त्या गुणगुणण्याचा राग आला होता, कारण त्यानं भाषणाचा गंभीरपणा जात होता. शेवटी सूप आपटल्याचा आवाज येतो आणि ती अगदी टेपजवळ येऊन म्हणते, "अहो, बंद करा की!" मग हसते. मग खटका. सव्वीस वर्षांच्या संसारातला, नाही, सत्तावीस वर्षांच्या, तिचा आवाज म्हणून माझ्याजवळ एवढंच होतं. बघितलं तर कॅसेटला बुरशी धरायला लागली होती.

ती घेऊन मी मोहितच्या दुकानात गेलो. मोहित दहावीला माझ्याकडे होता. मराठीत पस्तीस. त्याचं आता रेकॉर्डिंगचं दुकान, समोर दोन स्पीकर, आत एक संगणक, लग्नाच्या सीडींची रास. त्यानं पाया पडून घेतलं, कॅसेट लावली, कानाला हेडफोन लावून डोळे मिटले. बराच वेळ तसाच बसला. मग एकदम उठला.

"सर! काकूंचा आवाज म्हणजे लय भारी हाय. आणि मागनं तुमी! सर, ह्यातनं एक ट्रॅक काढतो की!"

"काढतो," मी म्हणालो.

"व्हय व्हय, काढतो की."

"मोहित, नुसतं 'काढतो' म्हण. वाक्य तिथंच पुरं होतं."

त्यानं मान खाली घातली. "काढतो, सर."

"शाब्बास," मी म्हणालो आणि पाठीवर थापही मारली. वीस वर्षांनी का होईना, पोरगं सुधारलं ह्याचा मला खरोखर आनंद झाला होता. ट्रॅक म्हणजे सीडीवरचा एखादा कप्पा असेल अशी माझी समजूत. शेजारचा झेरॉक्सवाला काउंटरवर कोपर टेकून हे सगळं ऐकत होता. तो पुढं 'सरांनीच परवानगी दिली' म्हणून साक्षीदार झाला.

पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळीच मोहितनं सीडी आणून दिली. घरभर पाहुणे आले. हातकणंगल्याहून महालिंग, त्याची बायको, दोन म्हाताऱ्या चुलत्या. जंगमस्वामी पाटावर बसले. फोटोपुढं विभूती, बेल, उदबत्ती. मी उठून चार शब्द बोललो, की शांभवी आपल्यात नसली तरी तिचा सूर आपल्यात आहे. चार शब्द म्हणजे पंधरा मिनिटं झाली असतील. मग सीडी प्लेअरचं बटण दाबलं.

आधी काही नाही. मग धप्. धप्. धप्. फोटोची काच थरथरली. मग माझा आवाज, "शुद्ध बोला! शुशुशु शुद्ध बोला!" मी इतका तोतरा कधीच नव्हतो. त्यावर ढोल, त्यावर शिट्टी, आणि मग तिचा आवाज, "अहो, बंद करा की! करा की! करा करा करा की!" मग पुन्हा मी, "शुद्ध लिहा!" पुन्हा ती. मधे तिचं गुणगुणणं कुणीतरी ताणून, उंच करून घातलेलं. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिचं हसू.

"अरे बंद करा!" मी ओरडलो.

"की!" सीडी म्हणाली.

प्लेअरचं बटण सापडेना. जंगमस्वामी डोळे मिटून बसले होते, त्यांच्या पाटावरची बोटं मात्र ठेक्यात हलत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. झुंबरबाईंनी पदर तोंडात कोंबला. चुलत्यांपैकी एक म्हातारी रडायला लागली, दुसरी विचारत होती की गंगव्वा कुठनं बोलतिया. मी शेवटी वायरच उपटली.

मी बाहेर अंगणात आलो, मागोमाग महालिंग आला. मला वाटलं मारतो आता. तो म्हणाला, "दाजी, बंद का केला? तिचाच आवाज हाय न्हवं? वाजंना."

मी तसाच मोहितच्या दुकानात. तो खुशीत होता. "आवडलं न्हवं सर? सरप्राईज हुतं."

"मूळ कॅसेट दे."

त्याचा चेहरा पडला. त्यानं फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तपकिरी टेपचा गुंता. "बुरशी हुती सर. एकदाच चालली, दुसऱ्यांदा लावली तशी कातरली. जेवढं निघालं तेवढं ट्रॅकमधी घेतलंय."

"मग ह्यातला ढोल काढ आणि तिचा आवाज मला वेगळा करून दे."

"कालवणातलं मीठ काढता येतंय का, सर?" तो म्हणाला, आणि चेष्टेनं म्हणाला नाही. त्यालाही वाईट वाटत होतं. पण वाईट वाटायच्या आधीच त्यानं त्या सीडीच्या प्रती चार मंडळांना दिल्या होत्या.

गणपतीत ते गाणं गावभर झालं. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीच्या मंडळात, तिसऱ्या दिवशी रिक्षांत, पाचव्या दिवशी भाजी मंडईत. बायका नवऱ्यांना म्हणायला लागल्या, नवरे बॉसला म्हणायला लागले. शाळेत मी फळ्याकडे तोंड केलं की मागून कुणीतरी हलकेच 'शुशुशु' करी. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "सर, तुम्ही कलाक्षेत्रात कधी गेलात?"

विसर्जनाच्या दिवशी दुपारी मी मिरवणुकीत शिरलो. डॉल्बीच्या भिंतीपुढं चारपाचशे माणसं नाचत होती, आणि वर ट्रॉलीवरून माझी मेलेली बायको मला ओरडत होती. मी ऑपरेटरजवळ पोचलो, हात वर केले आणि गळ्याच्या शिरा ताणून म्हणालो, "बंद करा!"

चारपाचशे माणसं एका आवाजात म्हणाली, "की!"

मी तीनदा ओरडलो, तीनदा उत्तर आलं. एकानं मला खांद्यावर उचललं. माझा चष्मा पंचगंगेच्या वाटेवर कुठंतरी गेला.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे. मृत्युंजय हिरेमठ आमच्याच समाजातले, फी घेत नाहीत, पण बोलतात फार. त्यांनी आधी मला कॉपीराइट समजावून सांगितला. मग त्यातून सुटायच्या वाटा सांगितल्या. थोडं घेतलं तर चालतं म्हणणारे लोक, नवीन काही केलं तर चालतं म्हणणारे लोक, टीका केली तर चालतं म्हणणारे लोक. "आणि सर, समोरचा म्हणणार की ही शुद्धलेखनावरची टीकाच आहे." तासाभरानं ते कागद पुढं ओढून म्हणाले, "बरं. ध्वनिमुद्रण केलं कुणी?"

"मी."

"आवाज कुणाचा?"

"तिचा."

"रेकॉर्ड करायला तिची परवानगी होती?"

मी टेबलावरचे कागद एकावर एक सरळ लावायला लागलो.

"कारण सर, तिचा नकार तर रेकॉर्डवरच आहे. ती स्पष्ट म्हणते, बंद करा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तसं बघायला गेलं तर पहिला आरोपी तुम्ही. मोहित दुसरा."

ते हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून उभा राहिलो. सत्तावीस मिनिटं ती माझं भाषण ऐकत तांदूळ निवडत होती. तिला काय सांगायचं होतं ते मी एकदाही बसून ऐकलं नव्हतं.

तरीही तक्रार दिली. अब्रूचा प्रश्न होता, किंवा तेव्हा मी त्याला अब्रू म्हणत होतो. तीन पानी, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. हवालदार कृष्णात ती दोन दिवस वाचत होता. मग त्यानं बोलावून घेतलं.

"सर, तुमच्या मंडळींचा दाखला बघितला. शाळेच्या दाखल्यावर गंगव्वा. मयताच्या दाखल्यावर शांभवी. आवाज कुणाचा म्हणून लिवायचा?"

"दोन्ही एकच."

"एकच हाय म्हणून कशावरनं?"

नाव मी बदललं, असं मी लिहून दिलं. का बदललं, असं त्यानं विचारलं. फॉर्मात तसा रकाना नव्हता, आपल्या मनानंच विचारलं. मी सही करून निघालो.

आठवड्यानं पुन्हा बोलावणं. ह्या वेळी त्यानं टेबलावर सीडी प्लेअर ठेवला होता. गाणं लावलं, ऐकलं, तक्रारीवर बोट ठेवलं. "सर, हितं तुमी लिवलंय, मयत पत्नीचे शब्द, 'अहो, बंद करा'. आणि सीडीत हाय, 'अहो, बंद करा की'. जुळंना."

"काय जुळंना?"

माझ्या तोंडून 'जुळेना'चं 'जुळंना' कसं झालं कुणास ठाऊक.

"सायेब म्हणत्यात, मुद्देमाल वेगळा हाय. ह्ये दुसऱ्याच कुनाचं वाक्य असंल. उद्या कोर्टात त्यो मोहित म्हणल, ह्या बाईच्या तोंडात 'की' न्हवताच, सरांनीच लिवून दिलंय."

मी तक्रार हातात घेतली. खरंच नव्हता. तिचं वाक्य उतरवताना माझ्या हातानं आपोआप तो 'की' गाळला होता. तीस वर्षांची सवय. ती मेल्यावरही मी तिला दुरुस्त करत होतो.

"शुद्धिपत्रक द्या की," कृष्णात म्हणाला. "एका ओळीत काम हाय."

मी कागद घेतला आणि लिहिलं. "माझ्या तक्रारीत जेथे 'अहो, बंद करा' असे आहे, तेथे 'अहो, बंद करा की' असे वाचावे. चूक माझी आहे." खाली सही, तारीख. पोलीस ठाण्यात चारचौघांसमोर माझे डोळे भरून आले. कृष्णातनं पाण्याचा पेला पुढं केला. त्याला वाटलं उन्हानं झालं असेल.

मग मात्र चक्रं फिरली. मंडळांना समज मिळाली, रिक्षावाल्यांच्या सीड्या जप्त झाल्या. पोलीस येणार म्हणून कळताच मोहितनं घाबरून संगणकातलं सगळं पुसून टाकलं, माझं गाणंही आणि दोन लग्नंही. माझी स्वतःची सीडी पुरावा म्हणून पाकिटात सीलबंद झाली. झुंबरबाई पेढे घेऊन आल्या. "जिंकला की वो सर!"

गावात शांतता झाली. दोन दिवस मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात मी चहा केला, बशीत ओतला आणि आपसूक वाट बघत थांबलो की आता आतून 'घ्या की' येईल. घड्याळाची टिकटिक येत होती. त्या क्षणी मला तिचा आवाज ऐकायचा होता. ढोलासकट, शिट्टीसकट, माझ्या तोतरेपणासकट, कसाही.

मी उठलो आणि मोहितकडे गेलो. मला बघून तो मागच्या दारानं पळाला. रिक्षा स्टँडवर गेलो. लांबून गाणं ऐकू येत होतं, शपथ सांगतो, येत होतं. कुणीतरी एक सीडी लपवून ठेवलीच होती. मी कोपऱ्यावर दिसलो तसा ओरडा झाला, "ए, सर आले, बंद कर!" आणि सगळं गप्प. मंडईत तेच, गल्लीच्या टोकाला तेच. मी जाईन तिथं माणसं अदबीनं उठून उभी राहत आणि बटण दाबत. अख्ख्या कोल्हापुरात ते गाणं ऐकू न शकणारा एकच माणूस उरला होता.

पोलीस ठाण्यात अर्ज केला, की पुराव्याची सीडी एकदा ऐकू द्या. कृष्णात म्हणाला, सील फोडता येत न्हाय. तक्रार मागं घेतो म्हणालो, तर हिरेमठ म्हणाले तारीख पडेल तेव्हा बघू.

शेवटी मी महालिंगला फोन केला. काय बोलावं कळेना. "तुमच्याकडे," म्हणालो, "ते गाणं..."

 मग तो म्हणाला, "दाजी, तुमी हितं येऊन लय वर्सं झाली, कोन तुम्हाला वळकत न्हाय. रविवारी लगीन हाय आमच्या भावकीत. या."

रविवारी मी एसटीनं हातकणंगल्याला उतरलो. टोपी घातली होती, ओळखू नये म्हणून. वरात ऐन उन्हात देवळाकडं निघाली होती. महालिंगनं मला लांबूनच बघितलं आणि मुद्दाम ओळख दिली नाही. डॉल्बीवर दोन गाणी दुसरीच झाली. मी रस्त्याच्या कडेला, एका किराणा दुकानाच्या पायरीवर उभा.

मग धप्. धप्. धप्.

"शुद्ध बोला!" मी ओरडलो, ट्रॉलीवरून. आणि ती आली. "अहो, बंद करा की!" पोरीबाळी हात वर करून तिच्याबरोबर म्हणत होत्या. नऊवारीतली एक म्हातारी दुसरीला सांगत होती, ही आपल्या गावची गंगव्वा, महालिंगची भन. माहेरात ती गंगव्वाच होती. गुणगुणणं आलं. ताणलेलं, उंच केलेलं, पण तेच. मी टोपी काढली. ह्या वेळी भाषणाकडं लक्ष दिलं नाही. मागं सूप हलत होतं, तांदूळ सळसळत होते, ती जवळ येत होती. मग हसली. आणि गाणं संपलं.

मला समजलं नाही मी केव्हा पायरीवरून उतरलो आणि गर्दीतून ट्रॉलीपाशी पोचलो. ऑपरेटरनं वरून पाहिलं. तोंडावर घाम, डोळ्यांत पाणी, हातात टोपी. म्हातारा आवाजाची तक्रार घेऊन आलाय असं त्याला वाटलं असावं. त्यानं बटणावर हात ठेवला.

"काय पावणं? तरास हुतोय व्हय? बंद करू?"

"नको," मी म्हणालो. "परत लावा की."